सहाव्या तारेवरची फुली



आज गणिताच्या तासाबद्दल नाही, गिटारबद्दल लिहिते आहे. ज्यांनी गिटार कधी हातात घेतलेली नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण विषय शेवटी आपल्या लाल पेनाचाच आहे.

आमचं देवबाग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. बहुतेक मुलांच्या घरी होडी आहे, नाहीतर पर्यटकांना राहायला दिलेल्या दोन खोल्या. सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांपैकी एखादा गिटार घेऊन येतो आणि रात्री अंगणात वाजवतो. मुलं गडग्यापाशी उभी राहून ऐकतात. सोमवारी वर्गात हवेत बोटं नाचवतात. ते बघून मी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन गिटारवर शिकवायला सुरुवात केली. मी संगीतशिक्षिका नाही. गणित आणि विज्ञान शिकवते. कॉलेजात असताना गिटार शिकले होते, तेवढीच शिदोरी.

तर झालं असं. सहावीतली एक मुलगी होती, तिचे वडील पर्यटकांची होडी चालवतात. तिला मी पहिली कॉर्ड शिकवली ती ए मायनर. कॉर्डचा तक्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात सहा उभ्या रेघा असतात, बोटं ठेवायच्या जागी ठिपके असतात, आणि जी तार वाजवायची नाही तिच्या डोक्यावर फुली असते. ए मायनरच्या तक्त्यात सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर अशी फुली असते. ही पोरगी दर वेळी सहाही तारांवरून हात फिरवायची. मी म्हणायचे, "सहावी नको." ती मान हलवायची आणि पुन्हा तेच करायची. तिसऱ्यांदा टोकलं तेव्हा म्हणाली, "बाई, ता खालचा वाजता ना, ता माका बरा वाटता."

मी काय म्हणाले? "बरं वाटत असेल गं, पण ते चूक आहे."

आणि नोंदवहीत लिहिलं, "सूचना पाळत नाही. सहावी तार टाळत नाही."

पुढचे दोन शनिवार ती आली नाही. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "तिका जमणा नाय, म्हणान येवक नाय."

त्या रात्री घरी मी स्वतः ए मायनर धरली आणि सहाही तारा वाजवल्या. कितीतरी वर्षांत हे केलं नव्हतं. आवाज जाड झाला, जरा गंभीर झाला, पण बिघडला मुळीच नाही. बिघडणार कसा? ए मायनरमध्ये तीन स्वर असतात, ए, सी आणि ई. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली की ई वाजतो. म्हणजे तो स्वर त्या घरातलाच आहे. पाचवी मोकळी तार 110 हर्ट्झची, सहावी साधारण 82 हर्ट्झची. घरातलंच एक माणूस जोत्याखाली जाऊन बसलं, इतकाच फरक. या कॉर्डला रीतसर नावही आहे, ए मायनर/ई. वाचताना 'ए मायनर स्लॅश ई' म्हणतात. पोरीने चूक केली नव्हती. मी अजून न शिकवलेली कॉर्ड ती वाजवत होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. गिटार शिकणाऱ्या मुलाला मायनर स्लॅश कॉर्ड्स दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवू नका. पहिल्या महिन्यातच शिकवा. आणि तक्ता पुढ्यात ठेवून नाही, खालचा स्वर ऐकवून शिकवा.

तिरकी रेघ म्हणजे काय?

स्लॅश म्हणजे तिरकी रेघ. रेघेच्या डावीकडे कॉर्डचं नाव आणि उजवीकडे सगळ्यात खाली वाजणारा स्वर. ए मायनर/जी म्हणजे वर ए मायनर आणि तळाला जी. बस्स, एवढंच.

पण आपल्या मुलांना ही रेघ दोन ठिकाणी आधीच भेटलेली असते, आणि दोन्हीकडे तिचा अर्थ वेगळा असतो. गणितात ती भागाकार सांगते. शाळेच्या अर्जात ती 'किंवा' सांगते, 'वडील/पालक' असं. म्हणून एक मुलगा मला म्हणाला, "ए मायनर भागिले जी." दुसऱ्याला वाटलं, दोन्हींपैकी कुठलीही एक वाजवली तरी चालेल. हसू नका, त्यांनी आपण शिकवलेलंच लावलं. इथे ती रेघ अंगणाच्या कडेसारखी समजा, वर घर आणि खाली जोतं. मी फळ्यावर ती आडवीच काढते, वर कॉर्ड आणि खाली स्वर. मग गोंधळ होत नाही.

खालचा स्वर दोन प्रकारचा असतो. एक घरचा, म्हणजे कॉर्डमधलाच. ए मायनर/सी आणि ए मायनर/ई यांत सी आणि ई घरचेच आहेत, फक्त जागा बदलली. दुसरा पाहुणा, म्हणजे कॉर्डमध्ये नसलेला. ए मायनर/जी मध्ये जी पाहुणा आहे, ए मायनर/एफ शार्प मध्ये एफ शार्प पाहुणा. देवबागच्या मुलांना घरची माणसं आणि पाहुणे यातला फरक वेगळा समजावावा लागत नाही. काही पाहुणे आल्या आल्या घरचे होतात आणि काहींची बॅग दारातच बरी वाटते. तेही पुढे येईलच.

एका बोटाचा धडा

'स्लॅश कॉर्ड अवघड असते, लहान हाताला जमत नाही' हे मी खूप ठिकाणी ऐकलं आहे. ए मायनर/जी पूर्ण धरायची तर करंगळी सहाव्या तारेच्या तिसऱ्या घरापर्यंत न्यावी लागते. अकरा वर्षांच्या हाताला ते खरंच जड जातं. पण सुरुवात तिथून करायचीच कशाला?

गिटारच्या बारीक तीन तारा बघा. तिसरी मोकळी वाजवली की जी, दुसरी बी आणि पहिली ई. ई, जी, बी हे ई मायनरचे तीन स्वर. म्हणजे डाव्या हाताचं एकही बोट न लावता ई मायनर तुमच्यासमोर तयार आहे. आता चौथी मोकळी तारही त्यात घ्या. ती डी. झाली ई मायनर/डी! चार मोकळ्या तारा, शून्य बोटं आणि एक अस्सल मायनर स्लॅश कॉर्ड. पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत.

मग मी हा जिना देते. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर, पुढची तीन बोटं तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर. आधी अंगठा, मग तिन्ही बोटं एकदम. बारीक तीन तारा शेवटपर्यंत मोकळ्याच राहतात. डाव्या हाताचं एकच बोट खालचा स्वर बदलत जातं :

1. चौथी तार, दुसरं घर. स्वर ई. ही साधी ई मायनर.
2. चौथी तार मोकळी. स्वर डी. ई मायनर/डी.
3. पाचवी तार, चौथं घर. स्वर सी शार्प. ई मायनर/सी शार्प.
4. पाचवी तार, तिसरं घर. स्वर सी. ई मायनर/सी.
5. पाचवी तार, दुसरं घर. स्वर बी. ई मायनर/बी.

सावकाश वाजवून बघा. घाई नको. वर तेच तीन स्वर आहेत, तसूभर हललेले नाहीत. तरी दर पायरीला चेहरा बदलतो. दुसऱ्या पायरीवर कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. तिसरीवर जरा अडतं. चौथीवर एकदम मोकळं, उजळ होतं. पाचवीवर परत घराच्या दारात आल्यासारखं.

मुलांना मी म्हणते, ओहोटीला खाडीत उभी असलेली होडी आठवा. होडी तीच, माणसं तीच. पाणी उतरत जातं तशी होडीतून दिसणारी काठाची उंची बदलते. इथे होडी म्हणजे बारीक तीन तारा आणि पाणी म्हणजे अंगठा. एकदा हे सांगितलं की 'स्लॅश म्हणजे काय' हा प्रश्न पुन्हा येत नाही.

एक नियम मात्र मी कडक पाळते. नाव शेवटी सांगायचं. आधी वाजवायचं, मग खालचा स्वर तोंडाने म्हणायचा, मग काय वाटलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्यानंतर नाव. उलट केलं की मुलं नाव पाठ करतात आणि कान बंद ठेवतात. प्रयोग आणि व्याख्या यांच्या क्रमाबद्दल विज्ञानाच्या तासाला आपण जे म्हणतो, तेच हे.

एकाच कॉर्डला दोन नावं?

इथे चुणचुणीत मुलं हमखास अडवतात. चौथ्या पायरीवरचे स्वर सी, ई, जी, बी. पुस्तकात याच स्वरांना सी मेजर सेव्हन्थ म्हणतात. तिसऱ्या पायरीला सी शार्प हाफ डिमिनिश्ड असंही नाव आहे. पहिल्या दिवशी वाजवलेल्या चार मोकळ्या तारांना कोणी ई मायनर/डी म्हणेल, तर कोणी जी सिक्स्थ म्हणून तिच्या तळाला डी आहे असं सांगेल. मग खरं काय?

दोन्ही. एकच माणूस एकाचा मामा असतो आणि दुसऱ्याचा काका. कोण हाक मारतंय त्यावर नाव ठरतं. आपण ई मायनरपासून पायरी पायरी उतरत आलो, म्हणून आपल्यासाठी ती ई मायनर/सी. कोणी सी कडून चालत आला तर त्याच्यासाठी सी मेजर सेव्हन्थ. एका प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं असू शकतात, हे सहावीतल्या मुलाला कानाने पटतं. फळ्यावर पटवायला मला किती तास लागले असते कोण जाणे.

हे उतरणं जुनं आहे

तळाचा स्वर असा पायरी पायरी उतरवण्याची युक्ती कालची नाही. मॉन्टेव्हर्दी या इटालियन संगीतकाराच्या 1638 साली व्हेनिसला छापलेल्या आठव्या मॅड्रिगल संग्रहात एका अप्सरेचा विलाप आहे. त्यात तळाला ए, जी, एफ, ई हे चार स्वर सारखे उतरत राहतात आणि वर ती आपलं दुःख गाते. अशा उतरत्या बेसला पाश्चात्त्य संगीतात विलापाचा बेस असं नावच पडलं. 1968 मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' केलं. त्यातही वर ए मायनर धरलेली राहते आणि खाली ए, जी, एफ शार्प, एफ असा बेस उतरतो. मधे तीनशे तीस वर्षं गेली, देश बदलला, वाद्यं बदलली, जिना साधारण तोच राहिला. हॅरिसन त्याच्या दोन वर्षं आधी पंडित रविशंकरांकडे सतार शिकला होता हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

मोठ्या मुलांना मग ए मायनरचा जिना देता येतो. पूर्ण कॉर्ड न धरता बारीक तीन तारांवरच ए, सी, ई धरायचं : तिसऱ्या तारेचं दुसरं घर, दुसऱ्या तारेचं पहिलं घर आणि पहिली मोकळी. तळाला आधी पाचवी मोकळी तार, मग सहाव्या तारेचं तिसरं घर, मग सहाव्याचंच दुसरं. ए, जी, एफ शार्प. मधल्या तारा अंगठा आणि बोटं टाळतातच, त्यामुळे त्या मुद्दाम दाबून बंद कराव्या लागत नाहीत. पुढचा एफ चौथ्या तारेच्या तिसऱ्या घरात सोपा मिळतो, पण तिथे तो एक सप्तक वर उडी मारतो. ती उडी लपवू नका. "आता काय झालं?" असं विचारा. ज्या मुलाला ती ऐकू आली, त्याला बेस ऐकू यायला लागला असं समजा.

आपल्या कानाला हे परकं नाही

'हे इंग्रजी प्रकार आपल्या मुलांना कशाला?' असं एका आजोबांनी विचारलं होतं. प्रश्न रागाने नव्हता, काळजीने होता. म्हणून नीट उत्तर देते.

तानपुरा घ्या. पहिली तार साधारणपणे पंचमात लावतात. पण मालकंसात पंचम वर्ज्य. मग तीच तार मध्यमात लावतात. का? कारण तळाला काय वाजतंय त्यावर वरच्या स्वराचा रंग ठरतो, हे आपल्या गवयांना पक्कं ठाऊक होतं. फरक इतकाच की तानपुऱ्यावर ही मांडणी मैफल सुरू होण्याआधी एकदा ठरते आणि रागभर टिकते. गिटारच्या जिन्यात ती दर पायरीला बदलते.

आमच्याकडे भजनाची डबलबारी असली की पोरं रात्रभर जागतात. बुवांचा उजवा हात पेटीच्या पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. डाव्या हाताला खालचे स्वर वाजवायची मोकळीक नसते. त्यामुळे आमच्या मुलांचा कान चाल चटकन पकडतो, सुराला आणि लयीला पक्का असतो, पण तळाला वेगळं काहीतरी चाललेलं ऐकायची त्याला सवय नसते. ही उणीव नाही, नुसती न पडलेली सवय आहे. आणि ती लागायला वेळ लागत नाही. वरचा जिना मी सरगममध्येच म्हणून घेते. ई ला सा मानलं तर सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. पेटी वाजवणाऱ्या एका मुलाने लगेच पकडलं, "बाई, दोन धैवत लागोपाठ?" अगदी बरोबर. एकाच स्वराची दोन रूपं अशी सलग लागणं आपल्या रागसंगीतात नेहमीचं नाही. ललितमधले दोन मध्यम खास म्हणून सांगतात ते त्यामुळेच. त्या मुलाला त्या क्षणी दोन्ही संगीतं जास्त कळली.

आणि गोवा इथून आहेच किती लांब? पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. समूहगानात खालचा आवाज धरणाऱ्या मुलाला स्वतःची वेगळी ओळ असते. त्या शिक्षणातून आलेले कितीतरी गोवेकर वादक पुढे मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं मोठं नाव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात गुरूंचं नाव आलं. आपण लहानपणापासून जी सिनेमाची गाणी ऐकतो त्यांच्या तळाशी हे शिक्षण आहे. आपण ते ऐकत आलोय, फक्त तिकडे लक्ष दिलेलं नाही. म्हणून आजोबांना मी म्हटलं, हे बाहेरून आणत नाही, घरात वाजतंय ते दाखवते.

अजून एक. 'मायनर म्हणजे दुःखी' असं मुलांना सांगू नका. मायनरमध्ये कोमल गंधार असतो. कोमल गंधार तर आपल्या भीमपलासीत आहे, भैरवीत आहे, आणि ते सगळं काही रडगाणं नाही. काय वाटतं ते मुलालाच सांगू दे. आमच्यात एकाला चौथी पायरी "पाऊस थांबल्यासारखी" वाटली. ते मी सांगितलं असतं तर त्याने ऐकायचे कष्ट घेतलेच नसते.

मग सगळंच बरोबर का?

नाही. इथे माझ्याशी असहमत असणाऱ्यांचं म्हणणंही मांडते, कारण त्यात तथ्य आहे.

पहिला आक्षेप : फुली उगाच नसते. मान्य. डी मायनर धरा आणि सहावी तार मोकळी वाजवा. तळाला ई आणि वर डी, एफ, ए. ई आणि एफ शेजारी शेजारी, त्यांचं खटकतं. हा तो पाहुणा, ज्याची बॅग दारातच बरी. म्हणून मी आता दोन्ही ऐकवते. ए मायनरखाली सहावी तार आणि डी मायनरखाली सहावी तार. मग विचारते, फुली कुठे मारायची? आजवर बहुतेक मुलांनी ती डी मायनरवर मारली आहे. मुलाने स्वतः मारलेली फुली तो विसरत नाही. माझी विसरतो, नाहीतर तिला घाबरतो. आणि एखाद्याला ते खटकणंच आवडलं तर? तर त्याला एवढंच विचारते, "हे कुठे वापरशील?"

दुसरा आक्षेप : चारजण मिळून वाजवताना बेस गिटारवाला तळाचा स्वर ठरवतो, साध्या गिटारने खालून लुडबूड केली की गढूळ होतं. हेही खरं. पण कधी गप्प राहायचं हे त्यालाच कळेल, ज्याला खालचं ऐकू येतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर : सुरुवातीला शिस्त लागली नाही तर पुढे हात बिघडतो. यावर माझं उत्तर असं की शिस्त हवीच, पण ती कानाची हवी. तक्ता डोळ्यांना शिकवतो. ठिपक्यावर बोट आणि फुलीवर नको, एवढं झालं की मुलाला वाटतं, जमलं. आवाज कसा आला हे त्याला विचारायचं राहूनच जातं. परीक्षेसाठी तक्ते पाठ करायचे तर जरूर करावेत. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी कान, मग तक्ता.

आणि हे फक्त गिटारचं नाही. 38 अधिक 27 करताना एखादं पोर आधी 30 आणि 20 मिळवतं, मग 8 आणि 7, आणि 65 म्हणतं. हातचा कुठे लिहिला नाही म्हणून आपण फुली मारतो का? काही वर्षांपूर्वी मी मारली असेल. नक्की आठवत नाही, आणि न आठवणं हेच जास्त टोचतं. ज्याच्या वहीवर मारली त्याला आठवत असेल.

पालकांसाठी थोडंसं

मूल गिटार शिकायला लागलं की दुसऱ्या आठवड्यात आपण विचारतो, "गाणं कधी वाजवणार?" पाहुण्यांसमोर उभं करतो. त्याने घाई होते. मूल मोबाइलवर व्हिडिओ थांबवून थांबवून बोटांची जागा बघतं आणि गाण्यासारखं काहीतरी जुळवतं. त्यापेक्षा त्याला विचारा, "यात खाली काय वाजतंय? मला ऐकव." तुम्हाला काही कळत नसलं तर उत्तमच. त्याला तुम्हाला समजावून सांगावं लागेल.

महागडी गिटार नको. पण सूर लावून ठेवा. तळाची तार बेसूर असेल तर ही सगळी मेहनत वाया. आमच्याकडे खाऱ्या हवेने तारा लवकर गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. आणि दिवसाला दहा मिनिटं तो पाच पायऱ्यांचा जिना. कंटाळा आला की उलटा, खालून वर.

त्या मुलीचं काय झालं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिच्या घरी गेले. चूक तिची नव्हती, माझी होती, असं तिच्या आईसमोर सांगितलं. वहीतली नोंद खोडली आणि खाली लिहिलं, "ए मायनर/ई स्वतः शोधली." ती पुढच्या शनिवारी आली.

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर ती पूर्वीसारखी वाजवत नाही. जिना तिला पाठ आहे, बोटं छान पडतात. फक्त प्रत्येक पायरीआधी ती माझ्या तोंडाकडे बघते. बरोबर का, असं. कोणालाही न विचारता सहावी तार वाजवणारी मुलगी आता मोकळी तार वाजवतानाही परवानगी मागते. माझ्या तीन वेळा 'नको' म्हणण्याने एवढं झालं. मी तिला ओरडलेही नव्हते.

म्हणून हल्ली ती वाजवायला लागली की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. चेहरा दिसला नाही की तिला ऐकावंच लागतं. गेल्या शनिवारी तिसऱ्या पायरीवर ती थांबली. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी वळले नाही. मग तिने तीच पायरी पुन्हा एकदा वाजवली आणि पुढे गेली.

तुमच्या वर्गातही अशी एखादी सहावी तार वाजत असेल. फुली मारण्याआधी एकदा ऐकून बघा.